इटलीतील ट्रफलची सहल : या चुका टाळा

सर्वांत मोठी चूक इटलीत पाऊल ठेवण्यापूर्वीच, मुलांच्या शाळेच्या सुट्ट्या पाहून विमानाची तिकिटे काढताना होते. मे-जूनमध्ये पीडमाँटमधील आल्बा गावी जाऊन ताजा पांढरा ट्रफल, म्हणजे झाडांच्या मुळांशी जमिनीखाली वाढणारी आणि कुत्र्यांनी वासावरून शोधलेली सुगंधी बुरशी, मागणे म्हणजे दिवाळीत रत्नागिरीला जाऊन झाडावरचा हापूस मागणे होय. पांढऱ्या ट्रफलचा भर ऑक्टोबर ते डिसेंबर असतो आणि जानेवारीअखेर तो संपतो. आल्बाची प्रसिद्ध जत्रा आणि टस्कनीतील सान मिनियातोचा नोव्हेंबरमधला बाजार याच काळात भरतो. उम्ब्रियातील नोर्चा व स्पोलेतो परिसरातला हिवाळी काळा ट्रफल डिसेंबर ते मार्चच्या मध्यापर्यंत मिळतो. उन्हाळी सुट्टीत जे हाती लागते ते ‘स्कोर्त्सोने’, म्हणजे खडबडीत काळ्या सालीचा, सौम्य वासाचा आणि कितीतरी स्वस्त असा उन्हाळी ट्रफल. तो वाईट मुळीच नाही. मात्र त्याच्याकडून पांढऱ्याच्या दरवळाची अपेक्षा करणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

मी तुरीनजवळ राहत असल्यामुळे ओळखीची मंडळी सुट्टीत हक्काने येतात. एका जुलैत पुण्याहून आलेल्या काका-काकूंनी एका रेस्तराँमध्ये ‘पांढऱ्या ट्रफलचा खास बेत’ परस्पर ठरवून, पैसेही आगाऊ भरले होते. हा हंगाम नव्हे, त्यापेक्षा सकाळी कुत्र्याबरोबर रानात जाऊन उन्हाळी ट्रफल शोधू या, असे मी परोपरीने सांगितले, पण काकांचे म्हणणे एकच, “अगं, फोटोत दाखवलंय ना!” ताटल्या टेबलावर येण्याआधीच उग्र वास आला. पास्त्यावर तेलाचा तवंग होता, वर बदामी रंगाचे पातळ काप होते आणि त्या कापांच्या कडेला काळी खडबडीत साल शिल्लक होती. पांढऱ्या ट्रफलची साल गुळगुळीत व पिवळसर असते, तिला काळी कडा कधीच नसते. म्हणजे काप उन्हाळी ट्रफलचे आणि वास बाटलीतला. काकांना रात्रभर त्या तेलाचे ढेकर येत राहिले आणि ट्रफलचे नुसतेच स्तोम माजवले आहे, असा निकाल त्यांनी कायमचा देऊन टाकला. पांढरा ट्रफल त्यांनी खाल्लाच नव्हता, हे त्यांना अजून पटलेले नाही.

ट्रफलच्या नावाने विकल्या जाणाऱ्या बहुतेक तेलांत कारखान्यात तयार केलेले २,४-डायथायापेंटेन असते. हेच संयुग खऱ्या पांढऱ्या ट्रफलमध्येही सापडते, पण तेथे ते इतर अनेक गंधांच्या सोबतीने नांदते. बाटलीत ते एकटेच आरडाओरडा करते. लेबलवर ‘आरोमा’ हा शब्द दिसला की मी बाटली जागेवर परत ठेवते. घरच्यांना भेट म्हणून सहा-सहा बाटल्या उचलणाऱ्यांना समजावणे मी आता सोडून दिले आहे.

दुसरी चूक स्वयंपाकघरातली. पांढरा ट्रफल शिजवायचा नसतो, कारण त्याचा गंध उष्णतेने उडून जातो. शेतघराच्या स्वयंपाकघरात एका उत्साही वहिनींनी त्याचे बारीक तुकडे मोहरी-लसणाच्या फोडणीत टाकले. ताटात उरला तो फक्त लसूण. माझी सवय अशी की ताटली आधी कोमट करायची, लोण्यातला ‘तायारिन’ पास्ता किंवा अर्धे शिजलेले अंडे त्यावर वाढायचे आणि ट्रफल टेबलावरच पातळ किसायचा. नोर्चाचा काळा ट्रफल थोडी ऊब सोसतो, त्यामुळे तो कोमट तेलात किंवा लोण्यात किसून मिसळता येतो. तायारिनमध्ये अंड्याचे बलक भरपूर असतात आणि इटलीतील अनेक चीजमध्ये वासराच्या पोटातील रेनेट (दूध साकळवणारा पदार्थ) वापरतात, तेव्हा कडक शाकाहारींनी ही चौकशी ताट समोर आल्यावर नव्हे, जागा राखतानाच करावी. लोणी घातलेल्या कुस्करलेल्या बटाट्यावरही ट्रफल उत्तम लागतो.

शोधाला जाताना अत्तर लावू नये. कुत्र्याला मध्येच हाक मारू नये व खाऊ देऊ नये. त्याचे बक्षीस त्याचा धनी देतो. झाडाखालच्या जागेचे फोटो ठिकाणासह टाकू नयेत, कारण ट्रफल शोधणारे लोक त्या जागा सख्ख्या भावालाही सांगत नाहीत. स्वतः फावडे घेऊन तर मुळीच निघू नये. १९८५च्या कायद्यानुसार शोधासाठी परवाना व शिकवलेला कुत्रा लागतो आणि उकरलेला खड्डा पुन्हा बुजवावा लागतो. ट्रफल शोधणारे डुक्कर दिसेल या आशेने येणाऱ्यांचीही निराशा होते. “अजून का सापडत नाही?” असे दर पाच मिनिटांनी विचारणाऱ्या पाहुण्यांमुळेच काही ठिकाणी ट्रफल आधी पुरून ठेवण्याची पद्धत पडली, असे माझे स्पष्ट मत आहे. आज कदाचित काहीच मिळणार नाही, असे आधीच सांगणाऱ्या माणसाबरोबर मी डोळे मिटून जाते.

भाव ग्रॅमवर असेल, तर किसण्यापूर्वी आणि नंतर ट्रफल वजन करून दाखवायला सांगावे. त्यात संकोच कसला? एका ताटलीला आठ-दहा ग्रॅम पुरतात.

विकत घेतलेला ट्रफल तांदळाच्या डब्यात ठेवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तांदूळ त्याचा ओलावा शोषून घेतो आणि ट्रफल सुकतो. तो स्वयंपाकाच्या कागदात गुंडाळून काचेच्या बरणीत, फ्रिजमध्ये ठेवावा आणि कागद रोज बदलावा. त्याच बरणीत सालीसकट अंडी ठेवल्यास वास कवचातून आत उतरतो, त्यामुळे न्याहारीचीही सोय होते. पांढरा ट्रफल चार-पाच दिवसांत संपवावा. मुंबईला न्यायचा म्हणून शेवटच्या दिवसापर्यंत राखून ठेवू नये.