जुन्या स्प्लेंडरला डिजिटल मीटर बसवताना

काळी वायर काळीला जोडायची, हा सरळ हिशेब होंडाच्या वायरिंगमध्ये चालत नाही. हिरो होंडा स्प्लेंडरची अर्थिंगची वायर हिरवी असते आणि काळीत चावी फिरवल्यावर 12 व्होल्ट येतात. बाजारातल्या युनिव्हर्सल डिजिटल मीटरची काळी मात्र बहुधा निगेटिव्ह. माझं पहिलं मीटर मी रंग जुळवूनच जाळलं.

म्हणून मीटर विकत घेण्याआधी मल्टिमीटर घ्या. गाडी चालू करून थोडी रेस द्या आणि बॅटरीच्या टोकांवर व्होल्टेज बघा. 13.5 ते 14.5 असेल तर ठीक. 15 च्या वर जात असेल तर आधी रेग्युलेटर (चार्जिंगचं व्होल्टेज आवरणारा भाग) बदला, नाहीतर नवं मीटर फार दिवस टिकणार नाही.

जुन्या मीटरवरच्या किलोमीटरचा फोटो काढून ठेवा. नवं मीटर बहुधा शून्यापासून मोजेल, आणि पुढे गाडी विकायची झाली तर घेणाऱ्याला खरा आकडा दाखवता यायला हवा.

आता बॅटरीची निगेटिव्ह सोडवा आणि हेडलाइट उघडा. बरेचसे जोड डूमच्या आतच सापडतात. मीटरची पॉझिटिव्ह गाडीच्या काळीला जोडा, मध्ये 1 अँपिअरचा फ्यूज टाका. निगेटिव्ह हिरवीला. डावा इंडिकेटर नारिंगी, उजवा आकाशी, न्यूट्रल फिकट हिरवी आणि तिच्यावर लाल रेघ. हाय बीम निळी. जुन्या स्प्लेंडरचा हेडलाइट बॅटरीवर नाही, थेट मॅग्नेटोच्या (इंजिनासोबत फिरून वीज बनवणाऱ्या भागाच्या) एसी करंटवर चालतो. त्यामुळे निळीच्या वाटेत 1एन4007 डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा) लावा, त्याच्यावरच्या पट्टीची बाजू मीटरकडे. कुठलीही वायर जोडण्याआधी मल्टिमीटरने तपासाच. वीस वर्षांत कुणी कुठला तुकडा घुसडलाय, रंगावरून कळत नाही.

आरपीएमसाठी मीटरची वायर प्लगच्या केबलवर पाच-सहा वेढे गुंडाळली की पुरतं. फोर-स्ट्रोक इंजिनात ठिणगी दोन फेऱ्यांना एकदा लागते, पण स्प्लेंडरचा पल्सर (ठिणगीचा इशारा देणारी कॉइल) मॅग्नेटोवर असल्याने ती दर फेरीला पडते, त्यातली एक वाया जाते. सेटिंगमध्ये फेरीला 1 पल्स ठेवा. अर्धा ठेवलात तर 1400 ची आयडलिंग 2800 दिसेल. आकडे उगाच उड्या मारत असतील तर रेझिस्टर असलेली प्लग कॅप लावून बघा.

स्पीडोमीटरची केबल काढली की ब्रेक प्लेटवरचं भोक रबरी बुचाने बंद करा, नाहीतर पावसाचं पाणी ब्रेक शूवर जाईल. नवं मीटर वेग चुंबक आणि सेन्सरवरून मोजतं. चुंबक हबवर एम-सीलने पक्कं करा, सेन्सर पट्टीने फोर्कला. दोघांतलं अंतर मीटरच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. चाक हाताने फिरवून बघा, कुठेही घासता कामा नये.

मीटरमध्ये भरायचा चाकाचा घेर पुस्तिकेतून घेऊ नका, मोजा. टायरवर आणि जमिनीवर खडूची खूण करा, गाडीवर बसून एक पूर्ण फेरी पुढे ढकलून घ्या. 2.75-18 टायरला साधारण 1850 मिलिमीटर येतात. नंतर मोकळ्या रस्त्यावर, मागे बसलेल्याच्या हातात फोन देऊन, 40 च्या वेगाला जीपीएसशी ताडून घ्या आणि घेर थोडा कमीजास्त करा.

पेट्रोलच्या काट्यासाठी टाकीतला फ्लोट वर-खाली करून ओहम मोजा. मीटरमध्ये 100 आणि 510 असे पर्याय असतात, जवळचा निवडा.

सगळे जोड सोल्डर करून वर हीट-श्रिंक चढवा. शेवटी हँडल दोन्ही बाजूंना टोकापर्यंत वळवा. वायर ताणली जात असेल तर डूम बंद करण्याआधी चार बोटं जादा सोडा.