कोकणात दवाखाना टाकताय? निदान या चुका तरी टाळा

उद्घाटनाची तारीख आधी आणि परवानग्या नंतर, हा आजार आपल्याकडे जुना आहे. अक्षय तृतीयेचा मुहूर्त काढलेला, पत्रिका छापून आलेल्या, आमदारांचा होकार मिळालेला, आणि मग मला फोन येतो की फाईल कुठवर आलीय जरा बघा ना. फाईल अजून डॉक्टरांच्या टेबलावरच असते हो. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या दवाखान्यांचे कागद करून देणं हेच माझं काम, त्यामुळे तेच तेच घोळ बघून आता कंटाळा आलाय.

सगळ्यात मोठा घोळ जागेचा. आजोबांचं चिऱ्याचं घर रस्त्याला लागून आहे, खाली हॉस्पिटल वर आपण, असा हिशोब असतो. सातबारा काढला की त्यावर डझनभर नावं, त्यातली निम्मी माणसं कधीच वारलेली, एक आत्या डोंबिवलीला, एक काका बडोद्याला. ‘आपलंच तर घर आहे’ हे ऑफिसात चालत नाही. आधी तलाठ्याकडे वारस नोंद, मग सहहिस्सेदारांची संमती, आणि बांधकाम राहण्यासाठी मंजूर असेल तर वापरातला बदल करून घ्यायचा, जमीन बिनशेती आहे का तेही बघायचं. खाडीकाठी किंवा समुद्राजवळ असाल तर सीआरझेडचं, म्हणजे किनारपट्टीवरच्या बांधकामाच्या बंधनांचं, प्रकरण वेगळंच, तिथे रंग लावायच्या आधी नकाशा बघा. संमतीच्या सह्यांसाठी माझी पद्धत ठरलेली आहे, गणपतीत सगळे चाकरमानी गावी येतात, तेव्हा दुपारचं जेवण झालं की कागद पुढे करायचा. शिमग्यात अजिबात नको, तेव्हा मानपानावरून आधीच वाजलेलं असतं.

दुसरा घोळ सोनोग्राफीचा, आणि यात सूट नाही म्हणजे नाही. पीसीपीएनडीटीची, म्हणजे गर्भलिंग तपासणीबंदीच्या कायद्याखालची, नोंदणी निघत नाही तोवर मशीन घ्यायचंच नाही, नोंदणी नसलेल्याला विकणारा कंपनीवालाही कायद्यात अडकतो. पण खरी गंमत नोंदणी झाल्यावर होते. एका तालुक्याच्या गावी एक चांगले डॉक्टर, बाजारपेठेत जुनं क्लिनिक, नोंदणी रीतसर, फॉर्म एफ, म्हणजे प्रत्येक गरोदर बाईच्या सोनोग्राफीची नोंद, चोख. रस्त्यापलीकडे नवी इमारत झाली, आणि पाऊस लागायच्या आत सामान हलवू म्हणून कपाटं, टेबलं यांच्याबरोबर मशीनही टेम्पोत घालून पलीकडे नेलं. मी सांगितलं होतं थांबा, तर म्हणाले अहो समोर तर आहे, इथून दिसतंय. सर्टिफिकेट मशीनचं आणि त्या जागेचं मिळून असतं, जागा, मशीन, डॉक्टर यातलं काहीही बदलायचं तर 30 दिवस आधी कळवावं लागतं. तपासणीला टीम आली, सर्टिफिकेटवर एक पत्ता आणि मशीन दुसऱ्याच पत्त्यावर, जागेवर सील. गर्भलिंग तपासणीचा संशयसुद्धा नव्हता त्या माणसावर, पण पंचनाम्यात ‘समोर तर आहे’ असा रकाना नसतो. पुढे भर पावसाळ्यात पोटुशा बायका एसटीने घाट उतरून दुसरीकडे जात होत्या सोनोग्राफीला, आणि डॉक्टर कोर्टाच्या तारखांना. मी आता शिफ्टिंगच्या दिवशी स्वतः जाऊन उभा राहतो, मशीनला कुणाला हात लावू देत नाही.

बाकीचं पटापट.

यूट्यूब बघून लोक 2010 च्या क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायद्याचं विचारत येतात. महाराष्ट्राने तो घेतलेलाच नाही, आपल्याकडे 1949 चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा, आणि आपल्या भागात फाईल सिव्हिलला, म्हणजे सिव्हिल सर्जनकडे. ‘दोनच खाटा आहेत, सलाईनपुरत्या’ असं म्हणून सुटका होत नाही, पेशंट भरती करताय ना, मग नोंदणी लागते. दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद आधीच भिंतीवर लावा, तपासणीच्या दिवशी घाईत लावलं की चिकटपट्टीचा ताजा वास येतो आणि समोरच्याला सगळं कळतं.

जैविक कचरा. नुसती ओपीडी असली तरी प्रदूषण मंडळाची परवानगी लागतेच, आणि कचरा 48 तासांच्या वर ठेवायचा नाही. परसात कलमाच्या बुंध्याशी खड्डा मारून सुया पुरणारे महाभाग मी पाहिलेत, शेजारीच विहीर!

फायरचं एनओसी मिळालं की लोक विसरतात. यंत्रणा चालू असल्याचा फॉर्म बी दर सहा महिन्यांनी, जानेवारी आणि जुलैत, परवानाधारक एजन्सीकडून द्यायचा असतो. आपल्या खाऱ्या हवेत सिलेंडरच्या पिना गंजून बसतात, मी दर वेळी एकतरी हाताने हलवून बघतो. 9 जानेवारी 2021 ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात आगीत दहा बाळं गेली, तरी ‘नुसता कागदच तर आहे’ म्हणणारे भेटतातच, त्यांच्याशी मी वाद घालत नाही, काम सोडतो.

एक्स-रेची खोली गवंड्याच्या अंदाजाने बांधू नका. मशीनची नोंद एईआरबीच्या (अणुऊर्जा नियामक मंडळाच्या) ई-लोरा पोर्टलवर होते, खोलीचा आराखडा तिथल्या नियमाप्रमाणे लागतो, मागाहून भिंत जाड करणं म्हणजे दुप्पट खर्च.

मेडिकल जिन्याखाली काढू नका, किमान 10 चौरस मीटर जागा लागते, फ्रीज वेगळा.

आणि शुश्रूषागृहाची नोंदणी तीन वर्षांची असते, 31 मार्चला संपते. नूतनीकरणाचे कागद मी दिवाळीचा फराळ संपला की गोळा करायला लागतो. मार्चअखेर येणाऱ्यांनी मला फोन करू नये, तेव्हा माझा फोन बंद असतो.