चांदीचं नाणं घेण्याआधी विकायचा भाव विचारा

सोयाबीन विकून पट्टी हातात आली की आमच्या लातूर भागात घरोघरी एकच विषय निघतो, थोडी चांदी घेऊन ठेवू. ठेवा की. फक्त ‘चांदी ती चांदी, कुठलंही नाणं घ्या’ म्हणणारा एक मेहुणा प्रत्येक घरात असतो, त्याला त्या दिवशी सोबत नेऊ नका. मी नेला होता. पंधरा-सोळा वर्षं झाली थोडी थोडी नाणी घेतोय, दोनदा मोडलीही. कुठलं नाणं घ्यायला नको होतं, हे दोन्ही वेळा विकायला गेल्यावरच कळलं.

पहिली गोष्ट, पूजेचं नाणं आणि साठवणीचं नाणं वेगळं ठेवा. लक्ष्मी-गणपतीचं रंगीत, सोन्याचं पाणी दिलेलं, मखमली डबीतलं नाणं देव्हाऱ्यासाठी एक घ्या आणि विसरा. रंगाचे आणि डबीचे पैसे परत देणारा सराफ मी अजून पाहिलेला नाही.

मग दुकानात शिरल्यावर भाव विचारायच्या आधी हे विचारा: “हेच नाणं सहा महिन्यांनी आणलं तर काय भावानं घ्याल? घट किती धराल?” सराफ हसून “तुमचंच दुकान आहे” म्हणाला, तर पुढचं दुकान. जो “आमच्या पावतीवर एवढं कापू, बाहेरचं असेल तर एवढं” असं आकड्यात सांगतो, त्याच्याकडे बसा.

आता हिशोब. सोपा जावा म्हणून चांदी किलोला १,००,००० रुपये धरू, म्हणजे ग्रॅमला १००. दहा ग्रॅमचं नाणं घडणावळीसकट १,१५० ला सांगतात, वर ३ टक्के जीएसटी, म्हणजे १,१८४ रुपये ५० पैसे. विकताना ग्रॅमला ९७ मिळाले तर हातात ९७०. चांदी २२ टक्के वाढली तेव्हा कुठं तुम्ही बरोबरीत. तेच शंभर ग्रॅमचं नाणं १०,३०० ला मिळालं तर जीएसटीसह १०,६०९ होतात आणि नऊ-साडेनऊ टक्के वाढीत पैसे सुटतात. माझं ठरलेलं आहे: बहुतेक रक्कम पन्नास आणि शंभर ग्रॅमच्या ९९९, म्हणजे ९९.९ टक्के शुद्ध, नाण्यांत, आणि अडीअडचणीला एकेक मोडता यावीत म्हणून वीस ग्रॅमची चार-पाच. किलोच्या विटेच्या नादी लागू नका. रिझर्व्ह बँकेच्या १ एप्रिल २०२६ पासूनच्या नियमांत चांदीची नाणी ५०० ग्रॅमपर्यंत तारण ठेवता येतात, वीट ठेवता येत नाही.

नाण्यावर ‘९९९’ कोरायला कुणाची परवानगी लागत नाही. चांदीला हॉलमार्क सक्तीचा नाही. पण सप्टेंबर २०२५ पासून हॉलमार्क केलेल्या चांदीवर सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी, म्हणजे त्या वस्तूचा ओळख क्रमांक, येतो, तो सरकारी मानक संस्थेच्या बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाकून दुकानातच बघा. एमएमटीसी-पॅम्पसारख्या टांकसाळीचं सीलबंद नाणं घेतलंत तर ते पाकीट कुणालाही ‘बघू बघू’ म्हणून फोडू देऊ नका. परदेशी एक औंसाची नाणी, ३१.१ ग्रॅमची, दिसायला देखणी असतात. पण इथल्या बाजारात ती विकायला गेलात की निम्मा वेळ ओळख पटवण्यातच जातो.

मी खरा फसलो तो जुन्या रुपयात.

मराठवाड्यात जुनी नाणी घरोघरी निघतात, कारण आपल्याकडं दोन चलनं चालायची: निजामाचा हाली आणि इंग्रजांचा कलदार. आजीच्या गाठोड्यात दोन्ही एकत्र बांधलेले असतात. आठवडी बाजारात एका माणसाकडून मी ‘चांदीचा रुपया’ म्हणून अकरा कलदार घेतले, राणीछापच्या, म्हणजे व्हिक्टोरियाच्या रुपयाच्या, भावानं. घरी येऊन साल बघितलं तर सात नाणी १९४३ ते १९४५ ची. तेव्हा मला साल बघायचं असतं हेच माहीत नव्हतं.

साल का बघायचं, तर व्हिक्टोरिया, एडवर्ड, पंचम जॉर्ज आणि सहाव्या जॉर्जचे १९३९ पर्यंतचे रुपये ११.६६ ग्रॅमचे, म्हणजे बरोबर एक जुना तोळा, आणि त्यात ९१.७ टक्के चांदी. शुद्ध चांदी १०.६९ ग्रॅम. १९४० पासून युद्धाच्या काळात वजन तेच ठेवून चांदी निम्मी केली, म्हणजे फक्त ५.८३ ग्रॅम. वरच्या भावानं पहिल्यात १,०६९ रुपयांची चांदी आणि दुसऱ्यात ५८३ ची. १९४७ चा रुपया तर निकेलचा, त्यात चांदीच नाही. चारमिनार छापाचा हाली रुपया ११.१८ ग्रॅमचा आणि ८१.८ टक्क्यांचा, म्हणजे ९.१४ ग्रॅम शुद्ध. त्याचं साल हिजरी आणि उर्दू आकड्यांत असतं. १३६१ पासूनचे हालीसुद्धा निम्म्या चांदीचे. उर्दू आकडे येत नसतील तर दहा मिनिटांत शिका, नाहीतर हाली घेऊ नका. सरकारी स्मारक नाण्यांतही हाच घोटाळा होतो. शंभर रुपयांची ३५ ग्रॅमची बरीच नाणी ५० टक्के चांदीची आहेत, साडेसतरा ग्रॅम धरा.

साल बरोबर असलं तरी नाणं नकली असू शकतं. चुंबक लावून दाखवणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. जर्मन सिल्व्हर (नावालाच चांदी, असतं तांबं-निकेल-जस्त) आणि तांबंही चुंबकाला चिकटत नाही. मी पाण्यात तोलतो. ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घ्या. आधी नाणं कोरडं तोला. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्यावर आणा. नाण्याला बारीक दोरा बांधून ते पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा काचेला टेकू देऊ नका, आणि चिकटलेला बुडबुडा दोरा हलवून झटका. मी पहिल्यांदा बुडबुडा तसाच ठेवला आणि चांगला राणीछाप खोटा म्हणून बाजूला काढला होता. आता काट्यावर ११.६६ ग्रॅमच्या अस्सल रुपयाला १.१३ च्या आसपास दिसतं, निम्म्या चांदीच्या रुपयाला १.२२, आणि जर्मन सिल्व्हरच्या नकलेला १.३३ च्या वर. झिजलेलं नाणं हलकं असतं, म्हणून कोरड्या वजनाला या आकड्यानं भागा. भागाकार १०.३ च्या जवळ आला तर ठीक, नऊच्या खाली गेला तर माणूस बदला. शिसं घालून केलेली बनवाबनवी यात सुटू शकते. दहापेक्षा जास्त नाणी एकदम घेणार असाल तर सराफ्यात मशीनवर टंच, म्हणजे शुद्धता, काढून घ्या.

जुनं नाणं ‘दुर्मिळ’ म्हणून जास्त पैसे मागितले तर देऊ नका. तो नाणेसंग्राहकांचा धंदा आहे, आपला नाही. आणि १८१८ चा हनुमान छाप, तांदूळ स्वतःकडं ओढतो म्हणून सांगितला जाणारा ईस्ट इंडिया कंपनीचा रुपया कुणी दाखवला तर चहा पाजून वाटेला लावा. कंपनी सरकारनं हनुमानाचं नाणं कधी पाडलंच नाही.

घ्यायचं कधी? धनतेरसला नाही. पितृपक्षात दुकानं रिकामी असतात, तेव्हा घडणावळीवर घासाघीस होते.

ठेवताना रबर बँड आणि वर्तमानपत्र लावू नका, चांदी काळी पडते. जुनी नाणी चिंचेनं घासू नका. दोन वर्षांनंतर विकलं तर नफ्यावर १२.५ टक्के कर आहे, त्यासाठी पावती लागते. हल्लीच्या पावत्या थर्मल कागदावर येतात. माझ्या २०१९ च्या पावतीवर आता दुकानाचं नाव अर्धं आणि वजनाचा नुसता ‘ग्रॅम’ एवढाच शब्द उरलाय, आकडा उडाला. घरी पोचायच्या आधी झेरॉक्स काढा आणि ती नाण्यांच्याच डबीत ठेवा.