एकच चित्र, सहा कॅनव्हास

जुना काळ दाखवणाऱ्या चित्रपटाच्या आर्ट डिपार्टमेंटमध्ये कसं शिरायचं, असं नाशिकमधली चित्रकलेची मुलं मला वरचेवर विचारतात. माझं पहिलं काम सांगते, त्यात बरीचशी उत्तरं येतील.

चित्रपट होता १८९० च्या सुमारातल्या एका काल्पनिक चित्रकाराचा आणि त्याच्यासमोर बसणाऱ्या बाईचा. चित्र पुढे सरकतं तसतसा तो तिच्यात गुंतत जातो, एवढीच गोष्ट. शूटिंग जुन्या नाशकातल्या एका वाड्यात. जी.डी. आर्ट ही चित्रकलेची पदविका घेऊन मला जेमतेम वर्ष झालं होतं. पडद्यावर दिसणारं तिचं पोर्ट्रेट मी रंगवायचं होतं. "कॅनव्हास किती लागतील?" आर्ट डायरेक्टरांनी विचारलं. मी म्हटलं, एक. ते म्हणाले, "सहा. आणि पूर्ण झालेला सगळ्यात कमी दिसणार आहे."

शूटिंग गोष्टीच्या क्रमानं होत नाही. सकाळी अर्धं झालेलं चित्र लागतं, दुपारी कोरा कॅनव्हास. म्हणून एकच चित्र टप्प्याटप्प्यानं वेगवेगळं तयार ठेवावं लागतं: कोरं, कोळशाचं रेखाटन, पातळ तपकिरी रंगातली छायाप्रकाशाची मांडणी, चेहरा लागलेला, पदर लागलेला, पूर्ण. सगळी एकाच ट्रेसिंगवरून उतरवायची, नाहीतर दोन शॉटमध्ये नाक सरकतं. ज्या टप्प्यावर नट स्वतः ब्रश टेकवणार त्याच्या जादा प्रती हव्यात, कारण रिटेक होतातच. तैलरंग वाळायला कित्येक दिवस घेतो. म्हणून मी खालचं सगळं ॲक्रिलिकमध्ये केलं आणि वर तैलरंगाचा पातळ थर दिला. उलटं करू नका, तेलावर ॲक्रिलिक धरत नाही. व्हार्निश तर नकोच, लाइट लागले की कॅनव्हास आरशासारखा चमकतो.

माझी पहिली चूक पांढऱ्या रंगाची. सवयीनं टायटॅनियम व्हाइट वापरला. तो चित्रकारांच्या हातात आला १९२० च्या आसपास. त्याआधी शिशाचा पांढरा आणि झिंक व्हाइट. शिशाचा विषारी, त्याच्या वाटेला जाऊ नका. मी झिंक व्हाइटमध्ये किंचित यलो ऑकर, म्हणजे मातकट पिवळा, मिसळून चेहरा पुन्हा केला आणि कातडीवरचा तो पिठूळ गारठा गेला. कथिलाच्या ट्यूबचं पेटंट १८४१ चं आहे, त्यामुळे टेबलावर ट्यूब चालतात. प्लॅस्टिकची टोपणं नाही. नऊवारीला फॉल लावून आणला होता, तो मी रात्री बसून उसवला. कोरलेल्या भुवया आणि चिकटवायची टिकली यांवरही तुमचीच नजर हवी. हे काम माझं नाही, असं या खात्यात म्हणायचं नसतं.

अभ्यासाला लांब जाऊ नका. रविवर्मांचा (१८४८–१९०६) छापखाना १८९४ मध्ये मुंबईत निघाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथल्या ओलिओग्राफमधल्या, म्हणजे तैलचित्रासारख्या दिसणाऱ्या रंगीत छापांमधल्या, लक्ष्मी-सरस्वती घरोघरच्या देवघरांत पोचल्या. आजीकडे एखादी फ्रेम असेल तर ती भिंगाखाली धरून बघा. त्या छापखान्याशी संबंध आलेले दादासाहेब फाळके आपल्या त्र्यंबकचे, जन्म १८७०. चित्रकला, फोटोग्राफी, छपाई असं सगळं शिकून ते चित्रपटाकडे वळले आणि १९१३ मध्ये मुंबईहून नाशिकला आले. त्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामती साळुंके नावाच्या पुरुषानं केली, कारण कॅमेऱ्यासमोर उभी राहायला बाई मिळेना. पुढच्या चित्रपटात दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई उभ्या राहिल्या. आमच्या गोष्टीतली बाई त्याच्याही वीस वर्षं आधी एका परपुरुषासमोर तासन् तास बसते. हे डोक्यात आलं तेव्हा मला तिचे खांदे कळले. तोवर मी त्यांना सैल रंगवत होते.

नटाला ब्रश धरायला शिकवण्याचं कामही माझ्याकडे आलं. पेनासारखा नको, मागून धरायचा. मनगट नाही, खांदा हलला पाहिजे. तो तिच्याकडे टक लावून बघत राहायचा. मी सांगितलं, चित्रकार असं बघत नाही. डोळे बारीक करून क्षणभर बघतो, लगेच कॅनव्हासकडे वळतो, पुन्हा बघतो. दिग्दर्शकांनी ते उचललं: प्रेमात पडल्याचा शॉट म्हणजे ज्या क्षणी त्याची नजर कॅनव्हासकडे परतायला विसरते तो.

व्यवहाराचं थोडक्यात. एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा, मग जी.डी. आर्ट किंवा बी.एफ.ए. ही पदवी, हा सरळ रस्ता. पुण्याच्या एफटीआयआय या चित्रपट शिकवणाऱ्या संस्थेत आर्ट डायरेक्शनचा स्वतंत्र कोर्स आहे. पोर्टफोलिओत दहा पूर्ण चित्रांपेक्षा एका चित्राचे सहा टप्पे ठेवा. रंग-कॅनव्हासचे पैसे आधी घ्या आणि मानधन लिहून घ्या. पहिल्या कामाचा शेवटचा हप्ता मला फार उशिरा मिळाला, कारण सगळं तोंडीच ठरलं होतं.

आणि लाइफ क्लास, म्हणजे समोर माणूस बसवून चित्र काढायचा तास, बुडवू नका. आमच्याकडे बसणाऱ्या मावशी ठरावीक वेळानं उठायच्या, पाय मोकळे करायच्या. परत त्याच जागी बसता यावं म्हणून आम्ही त्यांच्या पावलांभोवती खडूनं रेघ मारायचो. वाड्यात नायिकेचे पाय बधिर व्हायला लागले तेव्हा मी तेच केलं. दिग्दर्शकांनी विचारलं, हे काय? मी सांगितलं. ते बराच वेळ फरशीकडे बघत उभे राहिले आणि शेवटचा प्रसंग बदलला. ती निघून गेली आहे, सहावा कॅनव्हास भिंतीकडे तोंड करून ठेवलेला, नोकर फरशी पुसत येतो आणि चित्रकार त्याला हातानं थांबवतो. खाली दोन पावलांभोवतीची रेघ आहे. ती मीच मारली होती.