बाराव्या दिवशी टँक रिकामा करू नका

मे महिन्यातली गोष्ट. वरच्या मजल्यावरचा मुलगा रात्री साडेनऊला दारात उभा. हातातल्या मोबाइलवर त्याच्या पाणवनस्पतींच्या नव्या टँकचा, म्हणजे अॅक्वेरियमचा फोटो. "काकू, सगळं तपकिरी झालंय. आई म्हणते, ही घाण घरात नको. उद्या रविवार आहे, रिकामा करून धुऊन टाकू का?" टँक लावून त्याला बारा दिवस झाले होते. मी म्हटलं, "अरे, धुतलास तर परत पहिल्या दिवसावर येशील. थांब, मी वर येते."

त्या रात्री त्याला जे सांगितलं, तेच इथे सविस्तर लिहितेय. मी ठाण्यात, चरईत राहते. माझा टँक दोन फूट लांब, एक फूट रुंद. माती आणि दगड वजा जाता पंचावन्न लिटर पाणी राहतं. पहिल्या वर्षी मी हाच टँक दोनदा मुळापासून रिकामा केला होता. दोन्ही वेळा शेवाळ पुन्हा आलं, तेही त्याच क्रमाने. तिसऱ्यांदा रिकामा केला नाही, आणि तोच टँक आजपर्यंत चालू आहे.

आधी हे का होतं ते समजून घ्या, म्हणजे हात उगाच शिवशिवणार नाहीत. दुकानात मिळणारी बरीचशी पाणवनस्पती नर्सरीत पाण्याबाहेर, दमट हवेत वाढवलेली असते. ती पाण्यात बुडवली की जुनी पानं पारदर्शक होऊन गळायला लागतात. पाण्यातली नवी पानं फुटायला दोन-तीन आठवडे जातात. गळलेली पानं कुजून अमोनिया तयार होतो, आणि नवी अॅक्वासॉइल, म्हणजे अशा टँकसाठी मिळणारी खतयुक्त माती, घातली असेल तर तीही सुरुवातीला अमोनिया सोडते. हा अमोनिया आधी नायट्राइट आणि मग नायट्रेटमध्ये बदलणारे जिवाणू अजून पुरेसे झालेले नसतात. झाडांनी मुळं धरलेली नसतात. वरून लाइट मात्र पूर्ण ताकदीने चालू. नांगरून मोकळं ठेवलेलं शेत पहिल्या पावसात तणाने भरतं, तसंच हे. शेवाळाचे बीजाणू झाडांबरोबर, पाण्याबरोबर, हवेतून येतच असतात. त्यांना अडवता येत नाही. झाडांनी जागा व्यापेपर्यंत शेवाळाला आवरायचं, एवढंच आपल्या हातात असतं. त्याला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात.

आवरण्याची सगळ्यात मोठी चावी लाइट. मी खतं, औषधं, फिल्टर या सगळ्यांच्या आधी लाइटचे तास विचारते. त्या मुलाचा लाइट सकाळी कॉलेजला जाताना चालू व्हायचा आणि रात्री झोपताना बंद, म्हणजे चौदा तास! पहिले सहा आठवडे सहा तासच ठेवा. स्वतः चालू-बंद करायच्या भरवशावर राहू नका, प्लगमध्ये बसणारा साधा टायमर आणा. मी संध्याकाळी पाच ते अकरा ठेवते, म्हणजे कामं आटोपून टँक बघत बसता येतं. सातव्या आठवड्यापासून दर आठवड्याला अर्धा तास वाढवा आणि आठ तासांवर थांबा. लाइटची तीव्रता कमी करायची सोय नसेल, तर तो पाण्यापासून वीतभर उंच टांगा.

आणि खिडकी बघा. आमच्याकडच्या जुन्या इमारतींत हॉलची खिडकी पश्चिमेला असली, की मार्च-एप्रिलमध्ये चार ते सहा उन्हाची तिरीप थेट आत येते. टायमर सहा तासांचा असला तरी टँकला त्याहून जास्त उजेड मिळतो, आणि तो उन्हाचा. माझ्या टँकच्या डाव्या काचेवरच हिरवा थर का यायचा, हे मला वर्षभर कळलं नव्हतं. त्या काचेला बाहेरून काळा कार्डपेपर चिकटवला आणि प्रश्न मिटला.

दुसरी चावी पाणी बदलणं. पहिल्या आठवड्यात एक दिवसाआड निम्मं पाणी. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात आठवड्यातून दोनदा निम्मं. पुढे दर आठवड्याला एक तृतीयांश. माझ्या टँकला निम्मं म्हणजे दोन बादल्या, अर्ध्या तासाचं काम. पाण्याबरोबर अमोनिया जातो, सुटे बीजाणू जातात, पाइपने ओढून घेतलेली कुजकी पानं जातात. उपयोगी जिवाणू मात्र पाण्यात तरंगत नसतात, ते फिल्टरच्या स्पंजवर आणि मातीच्या कणांवर चिकटून असतात. म्हणून निम्मं पाणी बदललं तर काही बिघडत नाही, आणि सगळं उपसून माती धुतली तर सगळंच जातं. टँक रिकामा करू नका म्हणते ते यासाठी.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो. तो जिवाणूंनाही मारतो आणि माशांच्या कल्ल्यांनाही. दुकानात अँटीक्लोरीन म्हणून सोडियम थायोसल्फेटचे खडे मिळतात. पाकिटावर लिहिलंय तेवढे बादलीत विरघळवा आणि मग पाणी टँकमध्ये घाला. सोसायटीने टँकर मागवला असेल त्या दिवशी पाणी बदलू नका. टँकरचं पाणी बहुतेकदा बोअरवेलचं आणि जड असतं, काचेवर पांढरी रेघ उठते. धरणाच्या मऊ पाण्याला सवकलेली झाडं त्याने अडखळतात. दोन दिवस थांबलात तर काही अडत नाही.

झाडं किती लावली, यावर निम्मा खेळ आहे. नवे लोक एक अॅन्युबियास, एक जावा फर्न आणि मधे मोकळी माती असा टँक लावतात. दिसतो सुरेख, पण ही झाडं फार सावकाश वाढतात. त्यांची पानं महिनोन्महिने तशीच राहतात आणि शेवाळाला बसायला पाट मिळतो. सुरुवातीला स्वस्त आणि झपाट्याने वाढणारी झाडं भरपूर लावा: हायग्रोफिला, वॉटर विस्टेरिया, व्हॅलिसनेरिया, रोटाला, हॉर्नवर्ट. क्रॉफर्ड मार्केटला किंवा कुर्ल्याला गेलात तर जुड्याच्या जुड्या घ्या. वरून दोन मुठी साल्व्हिनिया सोडा, सावलीही होते आणि तो पाण्यातला अमोनियाही भराभर खातो. जमिनीचा निदान दोन तृतीयांश भाग पहिल्याच दिवशी झाकला गेला पाहिजे. टँक स्थिरावला, की हवी ती झाडं ठेवा आणि बाकीची काढा. गळकी पानं रोज चिमट्याने वेचा. हे काम कंटाळवाणं वाटेल, पण त्या दहा मिनिटांत टँकमध्ये काय चाललंय ते सगळं कळतं.

आता ओळख. काचेवर, दगडावर, पानांवर पिठासारखा तपकिरी थर, बोटाने पुसला की निघतो, ते डायटम. नव्या टँकमध्ये दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात ते येतंच. पुसा, पाणी बदला, वाट बघा. महिन्या-दीड महिन्यात आपोआप जातं. त्या मुलाला झालं होतं ते हेच.

हिरव्या केसांसारखे धागे आले तर उजेड जास्त आहे किंवा झाडं उपाशी आहेत. जुना टूथब्रश घाला आणि शेवया काट्यावर गुंडाळतो तसा गोल गोल फिरवा, धागे ब्रशवर गुंडाळून येतात. ओढू नका, झाड उपटून येईल. सगळ्यात जास्त कष्ट याच शेवाळाचे आहेत. एकदा काढून भागत नाही. दोन आठवडे, एक दिवसाआड, धाग्याचा तुकडा मागे राहू न देता काढावं लागतं. लाइट पाच तासांवर आणा. मी एकदा सलग सोळा दिवस काढलं, सतराव्या दिवशी काढायला काही उरलं नव्हतं.

पाणीच हिरवंगार झालं, आतलं काही दिसेना, तर ते तरंगणारं शेवाळ. पाणी बदलून ते हटत नाही. लाइट बंद करा, टँकवर जाड चादर टाका आणि तीन पूर्ण दिवस उघडून बघू नका. हवेचा पंप मात्र चालू ठेवा. चौथ्या दिवशी निम्मं पाणी बदला.

निळसर हिरवी, बुळबुळीत साय मातीवर पसरली, उचलली तर सालीसारखी सुटली आणि कुबट वास आला, तर ते शेवाळ नव्हे, सायनोबॅक्टेरिया नावाचे जिवाणू आहेत. साचलेली घाण आणि पाण्याचा कोंडलेला कोपरा त्यांना आवडतो. पाइपने ओढून काढा, तोच तीन दिवसांचा अंधार द्या आणि फिल्टरच्या पाण्याची धार त्या कोपऱ्याकडे वळवा. काचेवरच्या कडक हिरव्या ठिपक्यांना जुनं ब्लेड किंवा मुदत संपलेलं एटीएम कार्ड पुरतं. टँक अॅक्रिलिकचा असेल तर ब्लेड लावू नका, चरे पडतील.

लाकडावर, अॅन्युबियासच्या पानांच्या कडांवर काळ्या दाढीसारखे झुपके येतात ते सहसा उशिरा येतात, आणि चिवट असतात. पाण्यातल्या कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण वरखाली होत राहिलं की ते फोफावतात. यावर हायड्रोजन पेरॉक्साइड चालतं. पण केमिस्टकडची बाटली नीट वाचा: आपल्याकडे बहुतेकदा सहा टक्क्यांची, म्हणजे वीस व्हॉल्यूमची मिळते. त्यात तेवढंच पाणी मिसळलं की तीन टक्के होतं. हातात मोजे घाला. फिल्टर बंद करून सुई काढलेल्या सिरिंजने थेट झुपक्यावर हळूहळू सोडा, दहा मिनिटं थांबा आणि फिल्टर परत चालू करा. पन्नास लिटरला तीन टक्क्यांचं दहा मिलिलिटर, एका दिवसात त्याहून जास्त नाही. दोन-तीन दिवसांत झुपके गुलाबी पडतात, म्हणजे मेले. मॉस आणि व्हॅलिसनेरियाजवळ हे सोडू नका, त्यांना सोसत नाही.

शेवाळ मारणाऱ्या तयार बाटल्यांबद्दल माझं मत ठाम आहे: नव्या टँकमध्ये नकोच. पहिल्या वर्षी एका दुकानदाराने मला अशी बाटली दिली होती. संध्याकाळी झाकणभर घातली. शेवाळ मेलं खरं, पण एकदम मेलेलं एवढं शेवाळ पाण्यातच कुजायला लागलं आणि कुजताना पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकला. मेचा महिना, पाणी बत्तीस अंशांवर. कोमट पाण्यात प्राणवायू मुळातच कमी विरघळतो. पहाटे पाचला पाणी आलं म्हणून उठले, तर सहाही गप्पी पृष्ठभागाला तोंड लावून धापा टाकत होत्या. दोनच वाचल्या. त्या सकाळी मला जे वाटलं ते मी अजून विसरलेले नाही. यातल्या काही औषधांत तांबं असतं, आणि कोळंबीला ते थोडंही चालत नाही.

दुकानात दुसरा सल्ला मिळतो तो सकर फिशचा. "शेवाळ खाईल, एक घेऊन जा." दोन इंचांचा तो मासा फुटाहून मोठा होतो, भरपूर घाण करतो, आणि मोठा झाला की कुणीतरी नेऊन तलावात सोडतं. आपलं ठाणं तलावांचं शहर. मासुंदा किंवा उपवन तलावात हा परदेशी मासा सोडणं म्हणजे तिथल्या माशांची अंडी आणि जागा हिरावून घेणं. कृपा करून घेऊ नका, आणि घेतलाच असेल तर तलावात सोडू नका, दुकानात परत द्या. टँकमधली छाटलेली झाडंही तलावात किंवा नाल्यात टाकू नका. माझी सगळी कढीपत्त्याच्या कुंडीत जातात.

शेवाळ खाणारे जीव हवेच असतील तर आधी अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही टेस्ट किटवर शून्य येऊ द्या. मग नेराइट गोगलगायी दोन-तीन. काचेवर पांढरी अंडी घालतात, पण ती गोड्या पाण्यात फुटत नाहीत. चेरी श्रिंप, म्हणजे छोटी लाल कोळंबी, दहा-बारा. मॉली मासेही शेवाळ चांगलं कुरतडतात. ऑटोसिंक्लस गोड मासा आहे, पण नव्या टँकमध्ये उपाशी मरतो. त्याला सहा महिने तरी थांबवा.

खत पूर्ण बंद करू नका. शेवाळ दिसलं की लोक पहिलं खत थांबवतात, आणि झाडं पिवळी पडून शेवाळाला आणखी जागा देतात. अॅक्वासॉइल असेल तर पहिला महिना त्यातलंच पुरतं. साध्या वाळूत लावली असतील तर बाटलीवर लिहिलेल्या मात्रेच्या निम्मं द्या आणि नव्या पानांचा रंग बघत वाढवा.

त्या मुलाने टँक धुतला नाही. माझ्या फिल्टरचा जुना स्पंज टँकच्याच पाण्यात पिळून ते गढूळ पाणी मी त्याच्या फिल्टरमध्ये ओतलं. चालू टँकमधले जिवाणू असे फुकट मिळतात, ओळखीत कुणाकडे जुना निरोगी टँक असेल तर जरूर मागा. टायमर त्याने दुसऱ्याच दिवशी आणला. तिसऱ्या आठवड्यात हिरवे धागे आले, तेव्हा टूथब्रश घेऊन आम्ही दोघं बसलो. सातव्या आठवड्यात त्याची आई खाली आली, म्हणाली, "ताई, त्या टँकचं काढलेलं पाणी मोगऱ्याला घातलं तर चालेल का हो?" मी म्हटलं, "घाला की, नायट्रेट असतं त्यात. फक्त पेरॉक्साइड घातलं असेल त्या दिवशीचं नको."