मक्याची बिटी (कणीस) टोकाला मोकळी? वाणाला दोष देण्याआधी या चुका टाळा

‘बागायती वाळव्यात या वाणानं एवढा उतारा दिला, मग कोरडवाहू जतला का नाही?’ बियाण्याच्या दुकानात हा प्रश्न हमखास ऐकू येतो. पिशवीवरचा आकडा वाण सोबत घेऊन येत नाही. संकरित मका उतारा टप्प्याटप्प्यानं ठरवतो. बिटीवर दाण्यांच्या ओळी किती, हे पीक गुडघ्याएवढं असतानाच जवळपास पक्कं होतं, आणि त्यात वाणाचा हात मोठा. ओळीत दाणे किती, ते तुऱ्याच्या आसपास ठरतं. दाण्याचं वजन सगळ्यात शेवटी.

सगळीकडे एकच अंतर. काही वाणं जागा मिळाली की बिटी वाढवतात. काहींची बिटी फारशी बदलत नाही, त्यांना झाडंच जास्त लागतात. त्यामुळे आपलं वाण यातल्या कुठल्या प्रकारचं, हे घेतानाच विचारा. 75 बाय 20 सेंटिमीटरवर एकरी सुमारे 27,000 झाडं बसतात, 60 बाय 20 वर 33,700. माण-जतच्या कोरडवाहू रानात दाटी केली की कितीतरी झाडं वांझ राहतात. उलट कृष्णाकाठच्या बागायतीत विरळ टोकण केली तर बिटी फोटोला झकास, काट्यावर मात्र एकरी वजन कमी.

तुऱ्याला ताण. सगळ्यात महागात पडते ती हीच चूक. पाणी तुटलं की तुरा वेळेवर येतो, बिटीचे केस मागे राहतात आणि ते बाहेर पडेपर्यंत पराग संपलेला असतो. तुरा साधारण 50 ते 60 दिवसांत येतो. टेंभू-म्हैसाळ उपसा सिंचन योजनांच्या पाण्याच्या आवर्तनावर अवलंबून असाल तर पेरणीची तारीख पाणी येण्याच्या दिवसापासून मागे मोजा.

केस बाहेर पडून आठवडा-दहा दिवस झाले की एक बिटी अलगद सोलून झटका. दाणा धरला असेल तर त्याचा केस गळून पडतो. चिकटून राहिलेले केस म्हणजे तेवढे दाणे रिकामे. दाणे विखुरलेले असतील तर परागाची अडचण. टोकाला बारीक, सुरकुतलेले दाणे दिसले तर दाणा धरला होता, पण नंतर उपाशी राहिला. टोक बोटभर मोकळं असणं मात्र दर वेळी वाईट नसतं. झाडांची संख्या पुरेशी असलेल्या चांगल्या रानातही ते दिसतं.

उशिराचा युरिया. तुरा दिसल्यावर टाकलेल्या खतानं ओळी वाढत नाहीत. हेक्टरी 120 किलो नत्र पेरणीला, 30 दिवसांनी आणि 40-45 दिवसांनी असं तीन सारख्या हप्त्यांत द्या.

एका हंगामावर निकाल. चांगल्या पावसात पुढे असलेलं वाण ताणाच्या वर्षी मागे पडू शकतं. दोन वाणं शेजारी-शेजारी लावा आणि दोन्ही तऱ्हेची वर्षं पाहून मगच सगळं रान एका वाणाखाली आणा.