पार्किन्सन्सच्या रुग्णाला ठेक्यावर चालण्याचा सराव कसा द्यावा

पार्किन्सन्समध्ये मेंदूतील डोपामाइन हे रसायन कमी झाल्याने हालचालींची आतली लय बिघडते. पावले आखूड पडतात आणि उंबऱ्याशी किंवा वळताना पाय जागीच थबकतात. अशा वेळी बाहेरून मिळणारा ठेका पावलांना आधार देतो. संगीतोपचाराचे संशोधक मायकेल थाउट व सहकाऱ्यांच्या १९९६ मधील अभ्यासात रुग्णांनी तीन आठवडे रोज अर्धा तास ठेक्याच्या संगीतावर चालण्याचा सराव केला, तेव्हा त्यांचा चालण्याचा वेग सरासरी २५ टक्क्यांनी वाढला. अर्थात हा सराव औषधांच्या जोडीने करायचा आहे, त्यांच्याऐवजी नव्हे.

प्रथम न्यूरॉलॉजिस्ट आणि फिजिओथेरपिस्ट यांची संमती घ्यावी. रुग्ण पूर्वी पडलेला असल्यास सुरुवातीचा सराव फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखालीच व्हावा. गोळीचा परिणाम होऊन अंग मोकळे झालेले असेल, ती वेळ निवडावी.

मग रुग्णाला नेहमीच्या चालीने चालू द्यावे आणि एका मिनिटात किती पावले पडतात ते मोजावे. समजा ९६ पडली, तर ठेकाही तेवढ्याच लयीचा हवा, म्हणजे मिनिटाला ९६ मात्रा (तालाचे ठोके). इथे घरची मंडळी हमखास चुकतात. मन शांत करणारे म्हणून विलंबित, म्हणजे अगदी संथ लयीचे काहीतरी लावतात. त्याने मन रमेल, पण पाऊल उचलणार नाही. आठ मात्रांचा केरवा किंवा भजनी ठेका उत्तम, कारण समेचा (तालाच्या पहिल्या मात्रेचा) जोर दरवेळी एकाच पायावर येतो. सहा मात्रांच्या दादऱ्यात दर तीन मात्रांनी येणारा झोका आलटून पालटून दोन्ही पायांवर पडतो आणि नवख्याचा गोंधळ उडू शकतो. मोबाइलवरील तबल्याच्या अ‍ॅपमध्ये मिनिटाला किती मात्रा हव्यात ते ठरवता येते. रुग्णाच्या आवडीचे भजन त्याच लयीत असेल, तर अधिक चांगले.

आधी खुर्चीत बसून पायाने ताल धरावा, नंतर उभ्याने वजन एका पायावरून दुसऱ्यावर न्यावे आणि ठेका अंगात भिनल्यावरच चालायला लागावे. सोबत्याने बाजूने चालावे, हात धरून ओढू नये. वळताना जागच्या जागी गिरकी न घेता मोठा वळसा घ्यावा. पाय थबकल्यास जोर न लावता थांबावे, वजन डावी-उजवीकडे हलवावे, आणि समेची वाट पाहून पुढचे पाऊल टाकावे.

चाल स्थिर झाल्यावर लय पाच ते दहा टक्क्यांनी, म्हणजे ९६ वरून साधारण १०१ ते १०५ पर्यंत, हळूहळू वाढवावी. तोल जाऊ लागला किंवा पावले घाईघाईने आखूड पडू लागली, तर लगेच मागे यावे. शेवटी आवाज कमी करत न्यावा आणि रुग्णाने मनातल्या मनात मात्रा मोजत चालून पाहावे. रस्त्यावर मात्र इअरफोन लावून हा सराव करू नये.